दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद

४ मार्च, मंगळवार

मला एका ग्रुपात ओढण्यात आलं आहे. विचारलं नाही, सांगितलं नाही. सकाळी उठून बघते तर फोनवर सत्तावन्न मेसेज! फुलं, फुगे, जोडलेले हात. आमच्या दहावीच्या वर्गाचा ग्रुप म्हणे. उद्योग अर्थात मॉनिटरचा. शाळेत ही बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच सगळ्यांना बडबडायला लावते आहे.

तीस तारखेला सगळ्यांनी भेटायचं. 'ऐंशीच्या दशकातली संध्याकाळ'! तेव्हाची गाणी, तेव्हाचे कपडे. खांद्यांना पॅड लावून यायचं. मी तेव्हासुद्धा भांडी घासायचा स्पंज कापून पॅड केले होते. घाम आला की अंगाला साबणाचा वास यायचा. आता पुन्हा तेच? 'जमणार नाही' असं लिहिलं. मग ते पुसलं. मग 'बघते' लिहिलं.

संध्याकाळी सून म्हणाली, "अहो आई, फ्रिज केव्हाचा ओरडतोय, दार नीट लागलं नाहीये."

फ्रिज ओरडतोय! ही मुलगी स्वतः तोंडातल्या तोंडात पुटपुटते, आणि हिच्या घरातल्या वस्तू मात्र ओरडतात.

५ मार्च, बुधवार

ग्रुपात आम्ही बारा जणी. बारावी पेन्सिल आहे.

६ मार्च, गुरुवार

पेन्सिल कोण ते लिहायला हवं. इतकी वर्षं ही वही चालली आहे आणि तिचं नाव मी इथे एकदाही येऊ दिलेलं नाही. वहीची सवय आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची. रोज दिवस संपताना लिहायचं, आज आपलं काय चुकलं. मी आपल्या चुका लिहायचं फार लवकर सोडलं. दुसऱ्यांच्या लिहिते. वही भरायला जास्त लागत नाही.

तर पेन्सिल. अंगाने काडी होतीच, पण नाव पडलं ते कॅसेटमुळे. तिच्याकडचा टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल वाचवायचे म्हणून ती कॅसेट मागे न्यायची ती हाताने, भोकात पेन्सिल घालून, गरागरा. दप्तरात एक वेळ डबा नसेल, पण ती सहा कोनांची पेन्सिल असायचीच. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर इंग्रजी गाण्यांच्या फर्माइशीचा अर्धा तास असे. आम्ही दोघी आमच्या स्वयंपाकघरात रेडिओच्या तोंडाला टेपरेकॉर्डर लावून, श्वास धरून बसायचो. निवेदक गाणं सुरू झालं तरी बोलतच राहायचा. त्याला आम्ही जे म्हणायचो ते कॉन्व्हेंटच्या मुलींना शोभणारं नव्हतं.

एकदा ऐन रंगात आई खोकली. गाणं पुन्हा मिळेना, म्हणून आम्ही ते खोकल्यासकट पाठ केलं. पुढे कुणाकडे खरी रेकॉर्ड ऐकली तर त्या जागी काहीतरी गळल्यासारखं वाटलं. आईला जाऊन एकवीस वर्षं झाली. तिचा आवाज म्हणून जगात कुठे काही असेल तर तो खोकला. कॅसेट पेन्सिलकडे राहिली.

काय गाणी होती पण! ड्रम असा की खोलीच्या भिंती एक पाऊल मागे सराव्यात. सिंथेसायझर म्हणजे काय ते कुणाला माहीत? मला वाटायचं, तिकडच्या देशांत विजेलाही गाता येतं. शब्द निम्मे कळायचे, निम्मे आपण घालायचे. आणि एकेक वाद्य वेगळं उभं! आताची गाणी ऐकवत नाहीत. सगळे उशीत तोंड खुपसून गातात. सून लावते ती गाणी म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण, आवाज आहे आणि शब्द नाही.

८ मार्च, शनिवार

मॉनिटरच्या वडिलांच्या कपाटात कॅसेट सापडली आहे. आमच्या निरोप समारंभाची! त्यांनी स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून टेप केली होती. हिने कुणाकडून तरी ती साफ करून फोनवर घेतली आहे आणि उद्या ग्रुपात टाकणार आहे. खाली लिहिलंय, 'आता कळेल ट्रँगल वाजला होता की नाही!!' आणि हसून हसून रडणारे सहा चेहरे.

बेचाळीस वर्षं झाली आणि यांना अजून गंमत वाटते.

मी आजच, ऐकायच्या आधी, जे झालं ते लिहून ठेवते. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की ऐकून मग आठवलं.

निरोपाला एक 'आधुनिक' गाणं वाजवायची परवानगी मिळाली होती. संगीताच्या सिस्टरांच्या तीन अटी: नाचायचं नाही, गुडघे झाकलेले हवेत, आणि ज्याचा अर्थ घरी वडिलांना सांगता येणार नाही असा शब्द गाण्यात नको. तिसऱ्या अटीत आमची सहा गाणी गेली. सातवं उरलं. एकीच्या भावाकडून इलेक्ट्रिक गिटार आली, पेटीएवढा स्पीकर आला. सिस्टर म्हणाल्या, "चौसष्ट वर्षांची झाले मी. देवाने मला कान काय यासाठी दिले?" पण रोज तालमीला थांबायच्या.

त्या गाण्यात मध्ये एक शांत तुकडा होता. गिटार एकटी वाजायची. आणि मग सगळं पुन्हा उसळायच्या अगदी आधी एक बारीकसा टिंग. एकच. त्या टिंगशिवाय ते गाणं म्हणजे काडी नसलेली काडेपेटी. तो टिंग माझ्याकडे दिला. मला सूर नाही, ताल नाही. "पण हिला मोजता येतं आणि ही विश्वासू आहे," सिस्टर म्हणाल्या. अठ्ठेचाळीस वेळा चार मोजायचे आणि एकदा मारायचं. ट्रँगल, म्हणजे सळईने वाजवायचा लोखंडी त्रिकोण, एका स्टँडला टांगलेला. स्टँडच्या उजवीकडे मी, माझ्या कानाला लागून तो स्पीकर. डावीकडे पेन्सिल, तिच्यापुढे लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन. आमच्यातली खरी वाजवणारी तीच.

आणि मी चुकले. मी हे कधीच लपवलेलं नाही, हाच तर माझा मुद्दा आहे! एकतीसपर्यंत मोजलं. मग ती गिटार सुरू झाली, आणि पहिल्यांदाच मला ते गाणं बाहेरून नाही, आतून ऐकू आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळ्या जणी पुढच्या कडव्यात होत्या आणि माझ्या हातातली सळई होती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी आम्हा दोघींना कॉरिडॉरमध्ये उभं केलं. "ट्रँगल वाजला नाही."

मी काही बोलायच्या आत पेन्सिल म्हणाली, "वाजला होता, सिस्टर. मी ऐकला."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मी वाजवला नाही, सिस्टर. ती खोटं बोलते आहे."

झालं. सिस्टरांना चूक चालायची, खोटं नाही. पेन्सिलला त्यांच्या संगीत विद्यालयात पाठवायचं ठरलं होतं. पत्र लिहून तयार होतं. ते गेलं नाही. सत्यवचनाचं पदक त्या वर्षी तिला मिळणार असं सगळ्या जणी धरून चालल्या होत्या. ते मला मिळालं.

पेन्सिल तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. मी मागितलं होतं का तिला, मला वाचव म्हणून? चूक माझी, कबूल मी केली, शिक्षा भोगायला मी तयार होते. मध्ये हिने खोटं बोलून नाक खुपसलं आणि वर अबोला हिचाच! चोराच्या उलट्या बोंबा.

९ मार्च, रविवार

ऐकलं. चार वेळा ऐकलं.

आधी नुसती खरखर, मग खुर्च्या, मग कुणीतरी नाक शिंकरतंय. आणि मग आम्ही! इतक्या बेसूर होतो? आणि इतक्या भरधाव? सोळा वर्षांच्या मुलींना कुठे पोचायची एवढी घाई असते कोण जाणे. डोळ्यांतून पाणी आलं. वयाने येतं.

शांत तुकडा आला. गिटार. मी श्वास धरून बसले, त्या शनिवारांसारखी. गिटार संपली, क्षणभर काही नाही, आणि मग ड्रम.

टिंग नाही! मी बेचाळीस वर्षं जे सांगत आले तेच.

ग्रुपात लिहिलं, 'ऐकलंत ना? वाजलाच नव्हता.' मॉनिटरने लिहिलं, 'नाही गं बाई, काहीच नाही.' बाकीच्यांचंही तेच. अंगठ्यांवर अंगठे. अकरा जणी, अकरा साक्षी.

साडेचारला पेन्सिलचा पहिला मेसेज आला. आधी फुलं नाहीत, मागे फुगे नाहीत.

'दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद. नीट ऐक.'

नीट ऐक! मला! हॉस्पिटलच्या कानाच्या विभागात मी तेहतीस वर्षं काढली. बंद खोलीत काचेपलीकडे माणसं बसवायची, कानावर हेडफोन, बारीक बारीक आवाज सोडायचे, 'ऐकू आलं की बोट वर करा'. हजारो माणसांची बोटं वर जाताना पाहिली मी. न ऐकता वर केलेलं बोट मला काचेतून ओळखू येतं. आणि औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असलेली बाई मला सांगते, नीट ऐक!

११ मार्च, मंगळवार

उत्तर दिलं. 'काहींना खोटं बोलायला वयाची अट नसते.'

अर्ध्या तासाने पेन्सिल ग्रुपातून बाहेर पडली. बाकी सगळ्या गप्प. एरवी सकाळी उठल्याचं कळवतात.

बरं झालं.

१३ मार्च, गुरुवार

मॉनिटरचा फोन. आवाज शाळेतलाच, आता तुझं नाव फळ्यावर असा.

"तुला काय गरज होती गं? ती येणार होती तीस तारखेला. मला आधी एकच विचारलं तिने, 'ती येणार का?' ती म्हणजे तू."

"मग? भांडायला?"

"मला काय माहीत! झायलोफोन शोधत होती कुणाकडे मिळतो का. म्हणाली, एकदा सगळ्यांनी मिळून ते गाणं पुरं करू." आणि वर, "तुझी जीभ म्हणजे ना, भाजी चिरायला ठेवली तर सुरी नको."

फोन ठेवला. मग एक आठवलं. आठ वर्षांपूर्वी, हे आजारी होते तेव्हा, नेहमीचं दुकान बंद म्हणून भलत्याच दुकानात शिरले. काउंटरवर ती. केस पांढरे, मान तशीच ताठ. तिने चिठ्ठी घेतली, गोळ्या काढल्या, पाकिटावर पेन्सिलने लिहिलं आणि म्हणाली, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर." बेचाळीस वर्षांत एवढंच बोललो आम्ही. तेही तीच. मी मान हलवून बाहेर पडले. ते पाकीट मात्र मी बराच काळ फेकलं नव्हतं. का, ते विचारू नये.

१४ मार्च, शुक्रवार

यंदा बागेत एकही चिमणी नाही. माणसाने काही शिल्लक ठेवलं नाही.

१६ मार्च, रविवार

अंग कसकसत होतं. थर्मामीटर लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वाजेचना. सुनेला म्हटलं, "हा बिघडला आहे. टाकून दे."

सून भाजी निवडत समोरच बसली होती. तिने थर्मामीटर माझ्या हातातून घेतला, बघितला. "ताप नाहीये." मग हळू म्हणाली, "आणि वाजला तो, आई. दोनदा वाजला."

"मग मला नसता ऐकू आला?"

ती काही बोलली नाही. मुलगा कामाला परगावी, महिन्यातून दोन दिवस घरी. एरवी आम्ही दोघीच असतो, त्यामुळे गप्प बसणं कुणाचं आहे हे लगेच कळतं.

"बोल ना! पुटपुटतेस काय?"

"मी काही बोललेच नाही, आई." मग जुडी खाली ठेवून म्हणाली, "रागावणार नसाल तर सांगते. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो वाजतो, ते तुम्हाला ऐकू येत नाही. परवा म्हणालात चिमण्या गेल्या. सकाळी साडेसहापासून खिडकीत डोकं उठवतात त्या! मी पुटपुटत नाही, आई. ऑफिसात सगळे मला 'हळू बोल' म्हणतात."

मी म्हटलं, "तेहतीस वर्षं..."

"माहीत आहे. तेहतीस वर्षं तुम्ही लोकांचे कान बघितलेत." तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला नवीन नाही. आजोबांना ओढत तपासायला आणणाऱ्या नातींची, बापाला आणणाऱ्या मुलांची. 'तुम्हीच सांगा यांना.' मी ती नजर नेहमी काचेच्या दुसऱ्या बाजूने पाहिली आहे.

उठून आत आले. तिला रागावले नाही हे नोंदवून ठेवते.

१९ मार्च, बुधवार

हॉस्पिटलात गेले. निमित्त, जुन्या विभागाला भेट. निवृत्त होऊन आठ महिने झाले, एकदाही फिरकले नव्हते. माझी ज्युनिअर आता माझ्या खुर्चीत. खुर्चीची उशी बदलली आहे.

"मॅडम! या, या. चहा?"

"चहा नको. आत बसते. दाखव, तुझी बोटं काम विसरली नाहीत ना ते." म्हणजे तिची परीक्षा, माझी नाही, अशी आपली बतावणी.

तिने एक शब्द विचारला नाही. मी शिकवलेलंच की. पेशंटला मान खाली घालावी लागेल असा प्रश्न विचारायचा नाही.

बंद खोलीत पहिल्यांदाच मी त्या खुर्चीवर बसले. खोली लहान आहे. इतकी लहान आहे हे बाहेरून कळत नाही. हेडफोन कानाला गार लागतो. काचेपलीकडे तिची मान खाली. आवाज आला, बोट वर. आवाज आला, बोट वर. सोपं होतं. मग आवाज येईनासा झाला. मी वाट बघितली. तिची मान खाली, बटणावर हात, म्हणजे ती आवाज सोडत होती. मला दिसत होतं की ती सोडते आहे. बोट वर करावंसं वाटलं. काचेपलीकडे हात हलला की बोट वर करणारे, न ऐकता, केवळ नापास व्हायला नको म्हणून! त्यांना मी किती झापलं आहे. केलं नाही. तेवढं खरेपण राहिलं.

मग एका कानात खळखळ सोडली आणि दुसरा तपासला. हेही माझंच रोजचं काम. एका कानाशी मोठा आवाज असला की दुसरीकडचा बारीक आवाज माणसाला कळत नाही.

बाहेर आले तर कागद तयार होता. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या बाजूला बरं चाललंय, मध्यापर्यंत हातात हात घालून. आणि मग दोन्ही एकदम खाली. घसरगुंडी.

"वरच्या पट्टीतलं गेलंय, मॅडम," ती म्हणाली. "वयाने जातं तसंच, जरा जास्त. मशीन घ्यावं लागेल. बोलणं कळतं, पण बारीक, तीक्ष्ण आवाज..."

"शिट्ट्या, पक्षी, घंट्या," मी म्हटलं. "मीच शिकवलं आहे तुला."

"हो, मॅडम."

२० मार्च, गुरुवार

घंट्या.

काल तिथे बोलून गेले आणि रस्त्यात जाणवलं. ट्रँगल ही घंटाच. त्याहून बारीक.

आज दिवसभर घरातली कामं उगाच काढली. कपाट आवरलं. पदक बटणांच्या डब्यात सापडलं. चांदीचा रंग निघून गेला आहे, आत पितळ. त्यावरचं अक्षर अजून वाचता येतं.

अकरा साक्षी. अकराही अठ्ठावन्नच्या! साठीच्या उंबरठ्यावरचे अकरा जोडी कान गोळा करून मी निकाल दिला. माझ्या हाताखालच्या पोरीने असली तपासणी केली असती तर तिला मी उभं ठेवलं नसतं.

आणि सिस्टर. 'ट्रँगल वाजला नाही.' त्या चौसष्टच्या होत्या.

मग म्हटलं, पण मी? मी तर सोळाची होते, स्टँडला लागून उभी होते. मला तरी ऐकू यायला हवा होता! या विचाराने अर्धा तास बरं वाटलं. मग तो स्पीकर आठवला. उजव्या कानाला लागून पेटीएवढा स्पीकर, त्यात गिटार, आणि मी डोळे मिटलेली. कालच्या खळखळीसारखी.

हे सगळं नुसतं 'असेल' आहे. मी सळई मारली नाही, एवढं नक्की. मग वाजवला कुणी? स्टँडच्या त्या बाजूला एकच मुलगी होती. तिच्या हातात झायलोफोनच्या लाकडी काड्या होत्या. आणि तिला माझे अठ्ठेचाळीस माझ्यापेक्षा बरे मोजता येत होते.

पण तसं असतं तर ती बोलली असती. सिस्टरांसमोर सरळ म्हणाली असती, 'मी मारला.' का नाही म्हणाली?

कारण मग मी चुकले हे सांगावं लागलं असतं. ती ते सांगत नव्हती. ते मीच सांगितलं. आणि त्याला जोडून आणखी एक वाक्य बोलले. त्या वाक्याची गरज नव्हती. चूक कबूल करायला पहिलं पुरे होतं.

तरुण कान हवा. घरात आहे. सून बत्तीसची.

विचारलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आजही नाही विचारलं. तिने दोनदा विचारलं, "काही हवंय का, आई?" दोन्ही वेळा नीट ऐकू आलं.

२३ मार्च, रविवार

सकाळी सुनेला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं. तिचाच हेडफोन तिच्या कानावर चढवला. काय ऐकायचं ते सांगितलं नाही. पेशंटला सांगायचं नसतं. "गिटार एकटी वाजायला लागली की लक्ष दे. नंतर, ड्रम येण्याच्या आधी, दुसरा कसलाही आवाज आला तर बोट वर कर. नाही आला तर करू नकोस. मला बरं वाटावं म्हणून करू नकोस."

"परीक्षा आहे का, आई?"

"तुझी नाही."

फोन माझ्या हातात. मला काहीच ऐकू येत नव्हतं, नुसते पळणारे आकडे. दोन चाळीस. दोन अठ्ठेचाळीस. सून डोळे मिटून बसलेली.

दोन एक्कावन्न. तिचं बोट वर गेलं.

"काहीतरी टिंग झालं," ती म्हणाली. "अगदी बारीक. हेच का?"

मॉनिटरकडून नंबर घेतला. सून जायला उठली, तिला बसवून ठेवलं. तीनदा घंटी गेली, मग पलीकडून "हॅलो". तोच आवाज, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

मी म्हटलं, "वाजला होता."

पलीकडे काही नाही. फोन बंद झाला म्हणावं तर आकडे पळत होते. वाट बघितली. ती गप्प होती, की बोलत होती आणि माझ्यापर्यंत येत नव्हतं? फोन सुनेच्या कानाला लावला. "बघ गं. काही आहे का?"

सून ऐकत राहिली. मग तिने पुन्हा बोट वर केलं.